हिरवा म्हणजे कच्चा नव्हे: मुंबईच्या बाल्कनीत हिरवे पिकणारे टोमॅटो

पहिल्या वर्षी माझ्या टोमॅटोंची आईने चटणी केली.

मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत एका रोपाला सात फळं लागली होती. मी रोज सकाळी मोजून कामावर जायची. एका संध्याकाळी घरी आले तर रोप रिकामं, आणि ओट्यावर वाडगंभर हिरव्या टोमॅटोची चटणी. लसूण, मिरची, दाण्याचा कूट, वरून हिंग-मोहरीची फोडणी. “अगं, पंधरा दिवस नुसते लटकले होते, लाल व्हायचं नाव घेईनात. म्हटलं, सडण्यापेक्षा बरं,” आई म्हणाली. चटणी फर्मास झाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते ‘ग्रीन झेब्रा’ होते. ते लाल होणारच नव्हते.

चूक आईची नाही. आपल्या स्वयंपाकघरात ‘हिरवा टोमॅटो’ म्हणजे कच्चा टोमॅटो, भाजीचा किंवा चटणीचा. पिकूनही हिरवाच राहणारा टोमॅटो असतो हे कोणी सांगितलेलं नसतं. खरं तर अशा फळांची आपल्याला चांगली सवय आहे. सीताफळ पिकल्यावर लाल होतं का? डोळे मोठे झाले, मधल्या रेघा फिकटल्या, हाताला मऊ लागलं, की आपण फोडतो. या टोमॅटोंकडेही त्याच नजरेने बघायचं आहे, आणि नजरेपेक्षा बोटावर जास्त विसंबायचं आहे.

हिरवा का राहतो

साधा टोमॅटो पिकताना दोन गोष्टी एकदम होतात. पानांत असतं तेच हरितद्रव्य फळातून मोडून निघून जातं आणि त्याच्या जागी लायकोपिन हे लाल रंगद्रव्य भरतं. हिरव्या वाणांत या दोन्ही गोष्टी बिघडलेल्या असतात. हरितद्रव्य मोडण्याचं काम एका जनुकातल्या बदलामुळे अडतं. तो बदल नेमका कुठे आहे हे शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिलं. दुसऱ्या एका बदलामुळे गरात लायकोपिन तयारच होत नाही. पहिला बदल आहे पण दुसरा नाही, असं झालं तर गरात लाल आणि हिरवा एकत्र येऊन तपकिरी-जांभळट रंग होतो. ‘चेरोकी पर्पल’सारखे ज्यांना काळे टोमॅटो म्हणतात, ते हेच.

तिसरी गोष्ट सालीची, आणि लागवड करणाऱ्याला कामाची हीच. साल पिवळी असेल तर फळ पिकताना बाहेरून मधाळ, सोनेरी झाक येते, कळायला सोपं. साल रंगहीन असेल तर फळ जवळजवळ शेवटपर्यंत हिरवंच दिसतं. पहिल्यांदा लावत असाल तर पिवळ्या सालीचं वाण घ्या. पहिल्याच वर्षी डोळे बांधून कोशिंबीर खेळायची गरज नाही.

चव कशी असते

“आंबट असेल ना?” हा पहिला प्रश्न. गेल्या जानेवारीत माझ्या दिराने तो विचारला, तेव्हा मी त्याला डोळे मिटायला लावून एक फोड दिली. त्याने ओळखलं ते ‘खरबुजासारखं काहीतरी’. डोळे उघडून दुसरी फोड खाल्ली तेव्हा मात्र म्हणाला, “थोडी आंबट आहे.” फोड त्याच फळाची होती. हिरवा रंग दिसला की आपली जीभ आधीच आंबटाची तयारी करून बसते.

चव वेगळी लागते त्याला कारण आहे. टोमॅटोचे काही ओळखीचे वास लायकोपिनपासून तयार होतात. लायकोपिन नाही म्हणजे ते वासही कमी. मग गोडी, फळांसारखा वास आणि किंचित तिखट-मसालेदार छटा पुढे येते. कच्च्या टोमॅटोला जी तुरट-कडवट चव असते ती बऱ्याच अंशी टोमॅटिन या द्रव्याची. फळ पिकताना ते कमी होत जातं, रंग बदलो की न बदलो. म्हणजे हिरवं पिकलेलं फळ खाताना जीभ आखडली, तर वाणाला दोष देऊ नका. ते तुम्ही लवकर तोडलंय.

कोणतं वाण

‘ग्रीन झेब्रा’पासून सुरुवात करा. टॉम वॅग्नर या अमेरिकी पैदासकाराने तो 1983 मध्ये बाजारात आणला. फळ मोठ्या लिंबाएवढं, गडद हिरवे आणि फिकट हिरवे पट्टे. पिकताना फिकट पट्टे सोनेरी पिवळे होतात, गडद तसेच राहतात. हा बदल बाल्कनीच्या दारातून दिसतो. चव चटकदार, आंबटगोड. खोड एकच: पाण्यात हयगय झाली की फळाचं बूड काळं पडतं. त्यावर पुढे बोलू.

‘ग्रीन ग्रेप’ हाही वॅग्नर यांचाच. द्राक्षापेक्षा थोडं मोठं फळ, घोसाने लागतं, पिकल्यावर पिवळसर हिरवं, आणि गोड. मुंबईच्या उबदार रात्रींत बारीक फळांची वाणं जास्त भरवशाची असतात. घरात लहान मुलं असतील तर हाच लावा, स्वयंपाकघरापर्यंत पोचणार नाही एवढंच.

‘चेरोकी ग्रीन’ 1997 मध्ये क्रेग लहूलिए या अमेरिकी बागप्रेमीच्या बागेत ‘चेरोकी चॉकलेट’च्या रोपांतून निघाला. साल पिवळी, पिकताना मधाळ झाक, चव भरदार. आणि ‘आंट रुबीज जर्मन ग्रीन’ हा या मंडळींतला थोरला. टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावच्या रुबी अर्नोल्ड यांच्या घराण्यातलं हे बी; त्यांचे आजोबा जर्मनीतून आले होते म्हणून नावात जर्मन. एकेक फळ पाव ते अर्धा किलो, बुडाला गुलाबीसर झाक. चवीला मला हाच सगळ्यांत आवडतो, पण नवख्या माणसाला मी तो सुचवणार नाही. दोन हंगामांत मिळून माझ्या हाती पाच फळं आली, तीही डिसेंबर-जानेवारीत धरलेली.

बी विकत घेताना पाकिटावरच्या फोटोवर जाऊ नका. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या ‘हिरव्या’ बियांची मी चार महिने सेवा केली आणि फळं लालबुंद निघाली. संकरित नसलेलं, देशी-वारसा बियाणं ठेवणाऱ्या आणि वाणाचं पूर्ण नाव छापणाऱ्या भारतातल्याच विक्रेत्याकडून घ्या. परदेशातून टपालाने मागवायच्या भानगडीत पडू नका. बियाणं आयात करायला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

केव्हा लावायचं

मुंबईत टोमॅटोचा खरा शत्रू कीड नाही, रात्र आहे. टोमॅटोला फळ धरायला रात्री साधारण 15 ते 21 अंश लागतात. रात्र त्याहून फार गरम राहिली, दुपार 33-34 च्या वर गेली, की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. आपल्याकडे अशा रात्री डिसेंबर ते फेब्रुवारीच मिळतात. जानेवारीत सांताक्रूझला किमान तापमान सरासरी 17 अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश जास्त. म्हणून समुद्राकाठच्या मंडळींनी बारीक फळांची वाणं धरावीत. मुलुंड, बोरिवली, ठाण्याकडच्यांना मोठ्या फळाचा जुगार खेळायला थोडी मुभा आहे.

आमच्या घरचं गणित सणांवर चालतं. गणपती गेले की बी टाकायचं. दिवाळीच्या आधी रोपं मोठ्या कुंडीत. संक्रांतीच्या सुमारास पहिलं फळ, होळीपर्यंत खेळ खलास. पावसाळ्यात लावू नका. जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात दमट हवा. करपा रोपाला फळापर्यंत पोचू देत नाही. फेब्रुवारीत लावलेलं रोप वाढेल छान, पण फुलं एप्रिलच्या उकाड्यात सांडतील.

बी ते कुंडी

कागदी कप चालतील, खाली भोक पाडून. चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका कपात दोन. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आठवड्याभरात अंकुर दिसतात. दिसल्या दिवसापासून उजेड हवा, नाहीतर रोपं उंच, लेची आणि वाकडी होतात. मात्र ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हापासून त्यांना जपा. सकाळचं ऊन पुरे.

या महिन्यात पांढरी माशी रोपांपर्यंत येऊ न देणं महत्त्वाचं, कारण पानं चुरडणारा विषाणू तीच आणते. हे जुने वाण चवीला अव्वल, पण संकरित वाणांत मुद्दाम घातलेली प्रतिकारशक्ती यांच्यात नाही. साधी मच्छरदाणी उपयोगाची नाही. तिच्या भोकांतून ही माशी आरामात जाते. मी आईच्या जुन्या वॉयलच्या साडीचा तुकडा चार काड्यांवर ताणून झाकते. (चटणीची भरपाई म्हणून मागून घेतलाय.)

चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर झालं, पाच-सहा खरी पानं आली, की मोठ्या कुंडीत. कुंडी किंवा ग्रो बॅग किमान 15 लिटरची, मोठ्या फळांच्या वाणाला 20. ओली झाल्यावर अशी एक बॅग वीसेक किलोची होते, तेव्हा ग्रिलवर टांगायचा विचार सोडा आणि गच्चीवर रांग लावायची असेल तर आधी सोसायटीशी बोला. मिश्रण: चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग कोकोपीट आणि प्रत्येक बॅगेत दोन मुठी निंबोळी पेंड. नर्सरीतली लाल माती नुसती वापरलीत तर पंधरा दिवसांत तिची वीट होते.

रोप लावताना खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत पुरा. वांग्याचं किंवा मिरचीचं रोप असं पुरत नाहीत, पण टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात आणि रोप घट्ट बसतं. त्याच दिवशी पाच-सहा फुटांचा बांबू रोवून घ्या. नंतर रोवलात तर मुळं तुटतील.

ऊन किमान सहा तास हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून दक्षिणेची किंवा आग्नेयेची बाल्कनी उत्तम. जूनमध्ये बघून ठरवलेली जागा डिसेंबरमध्ये सावलीत गेलेली असू शकते. समोरच्या टॉवरची सावली कुठून कुठे सरकते ते एक रविवार बसून पाहा.

रोजची कामं

ही वाणं बहुतेक वाढतच राहणारी आहेत. पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारी बगलफूट बोटभर असतानाच खुडायची. बाल्कनीत एक किंवा दोन मुख्य फांद्या ठेवा, सुतळीने सैल आठाच्या आकड्यात बांबूला बांधा, रोप छताला लागायला आलं की शेंडा खुडा.

पाण्याचं सूत्र एकच: रोज, साधारण सारखं, सकाळी, मुळाशी. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की दोनपैकी एक होतं, फळ तडकतं किंवा त्याचं बूड काळं पडतं. हे काळं बूड रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही असा त्याचा अर्थ, आणि ते पोचवणारं पाणी असतं. अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकून आठवड्यात फरक पडला असं कोणी सांगितलं तर हसून मान डोलवा. टरफलं मातीत विरघळायला महिने लागतात. त्यापेक्षा कुंडीत सुक्या पानांचं किंवा नारळाच्या सोडणाचं चार बोटं जाड आच्छादन घाला. गावी जाणार असाल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या, आणि “भरपूर घाला” असं सांगू नका.

खत दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. बस्स. जास्त नत्र दिलं की पानांचं रान माजतं आणि फुलं रुसतात.

फुलं आली की थोडी मदत लागते. टोमॅटोचे परागकण फूल थरथरल्यावर सुटतात. भुंगे ते पंखांचे स्नायू थरथरवून करतात, मधमाश्यांना जमत नाही. बंद ग्रिलच्या बाल्कनीत भुंगा कुठला यायला? सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फुलांच्या घोसाला टिचकी मारा, किंवा बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू देठाला क्षणभर टेकवा. पिवळी धूळ उडताना दिसते.

किडींसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी निंबोळी तेल फवारा. एक लिटर पाण्यात 5 मिली, मिसळायला साबणाच्या पाण्याचे चार थेंब. शेंड्याची पानं वर वळून बारीक आणि पिवळट झाली तर तो विषाणू. औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका, जीव तुटला तरी. फळाला भोक दिसलं की आत अळी आहे. ते फळ तोडून फेका, शेजारची तपासा. आमच्याकडे पोपट आणि बुलबुल लाल टोमॅटो फोडतात, हिरव्यांकडे फारसे फिरकत नाहीत. उंदीर मात्र रंगाला फसत नाही. त्याला वास येतो, आणि नेमक्या पिकलेल्याच फळाला तो तोंड लावतो. एका अर्थी, पिकलं की नाही हे त्याच्याइतकं अचूक कोणालाच कळत नाही.

पिकलं कधी समजायचं

मी आता फळ धरलं की त्या घोसाच्या देठाला रंगीत दोरा बांधते आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करते. ‘ग्रीन ग्रेप’ला पाच-सहा आठवडे, ‘झेब्रा’ला सहा-सात, मोठ्या फळांना सात-आठ. तारीख जवळ आली की रोज बघायचं.

आधी रंग निवतो. कच्च्या फळाचा हिरवा करडा, थोडा दुधी असतो. पिकू लागल्यावर तो आतून उजेड लागल्यासारखा पारदर्शक होतो. आंब्याला पाड लागावा तसा. मग बुडाकडे पिवळी किंवा मधाळ छटा येते, ती वर चढते. रंगहीन सालीच्या वाणात ही छटा शोधूनही सापडत नाही, तिथे बोटच खरं. फळ तळहातात घेऊन बुडाशी अंगठा हलकेच टेकवा. कच्चं असेल तर लिंबासारखं ताठ. तयार असेल तर सीताफळासारखं नाही, तेवढं मऊ म्हणजे उशीर झाला. हापूसच्या देठाशी दाबल्यावर जेवढं दबतं तेवढंच. देठाला जिथे गाठ असते तिथून फळ वर उचलताच अलगद सुटून आलं, की शंका संपली.

पहिलं फळ मुद्दाम कापून बघा. बियांभोवतीचा गर पाणीदार, चकचकीत हिरवा आणि बिया सुरीसमोरून सरकणाऱ्या, तर बरोबर. बिया सुरीखाली कापल्या जात असतील तर अजून बराच अवकाश आहे.

दुसऱ्या वर्षी मी उलटी चूक केली. चटणीच्या धसक्याने शेवटपर्यंत हात लावला नाही, आणि दोन मोठी फळं रोपावरच पाणी होऊन गेली. किंचित लवकर तोडून ओट्यावर एक-दोन दिवस ठेवलेलं फळ जास्त पिकलेल्यापेक्षा बरं. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत टोमॅटोचा वास मरतो.

रोपाला आता पुठ्ठ्याची पाटी असते: ‘चटणीसाठी नाही’.

खायचं कसं

कच्चंच. शिजवलं की हरितद्रव्याचा रंग जाऊन मळकट, शेवाळी होतो, आणि चवीतली नाजूक बाजूही जाते. आमटीत घालायला बाजारातले लाल आहेत की. जाड काप, मीठ, ताजी मिरपूड, झालं. कोशिंबीर करायची तर दाण्याचा कूट हात राखून, साखर अजिबात नको, फोडणी जिऱ्याची आणि गार करून. ज्वारीच्या भाकरीवर लोण्यासोबत ‘चेरोकी ग्रीन’चे काप ठेवून बघा. सँडविचमध्ये मात्र वाया जातो. हिरव्या चटणीत तो दिसतही नाही, लागतही नाही.

पुढच्या वर्षासाठी बी

रोपावरचं सगळ्यांत चांगलं फळ यासाठी राखा, उरलंसुरलं नको, आणि ते खायच्या फळापेक्षा दोन दिवस जास्त पिकू द्या. बियांचा गर वाटीत काढून तेवढंच पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर पांढरी बुरशी येईल, वासही येईल. वाटी स्वयंपाकघरात ठेवाल तर घरातल्यांचे बोल ऐकाल. आंबल्यामुळे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग गाळणीत धुऊन, ताटलीवर पसरून सावलीत पाच-सहा दिवस वाळवा. कागदावर वाळवू नका, बिया चिकटून बसतात. कोरड्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह, झाकण घट्ट. मुंबईच्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं बी सप्टेंबरपर्यंत दगा देतं. बाटलीवर वाणाचं नाव आणि साल लिहा, आणि ती मेथीदाण्यांच्या शेजारी ठेवू नका. आमच्याकडे गेल्या वर्षी चाळीस बिया फोडणीत जाता जाता वाचल्या.